पहिल्या गॅदरिंगआधी गिटारचं सामान घेताना: आवाज आधी, रंग शेवटी

गिटार काळी, अँप काळा, पेडलबोर्डवरची सगळी पेडल्स (पायाने चालू-बंद करायची, आवाज बदलणारी यंत्रं) एकाच कंपनीची, दोघा गिटारवाल्यांचे पट्टेसुद्धा सारखे. फोटो उत्तम येतो. पण पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात बाराव्या रांगेत बसलेल्याला दोन्ही गिटारींचा मिळून एकच गोळा ऐकू येतो, गाण्याचे शब्द त्याखाली दबतात आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत घुमणारा हम (विजेची घरघर) तेवढा स्पष्ट पोहोचतो.

गॅदरिंग, फिरोदिया करंडक (पुण्यातली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा), सोसायटीचा गणेशोत्सव किंवा बाणेरच्या एखाद्या कॅफेतला पहिला कार्यक्रम तोंडावर असलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. क्रम असा ठेवा: जागा, पट्टी, गिटार, स्पीकर, पेडल, वीज, आणि सगळ्यात शेवटी दिसणं. सामान एकमेकांशी जुळायलाच हवं, पण ते जुळणं ओहम, व्होल्ट आणि मिलिअँपिअरमध्ये मोजायचं असतं.

दुकानात जाण्याआधी जवळ ठेवा

- स्वतःची गिटार, आणि ३ मीटरची खात्रीची केबल. दुकानातली केबल खराब निघाली तर चांगला अँपही वाईट वाटतो.
- हेडफोन.
- साधा डिजिटल मल्टिमीटर. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत सहज मिळतो.
- वाजवायच्या तीन गाण्यांची यादी, प्रत्येकापुढे गायकाची पट्टी.
- वही. प्रत्येक वस्तूचे वॅट, ओहम, व्होल्ट, मिलिअँपिअर आणि वजन लिहायला.
- एक मित्र, शक्यतो गिटार न वाजवणारा. त्याचं काम सातव्या पायरीत.

१. आधी जागा ठरवा

नाट्यगृहात प्रेक्षकांपर्यंतचा आवाज पीएमधून (सभागृहाच्या मोठ्या स्पीकरांमधून) जातो. तुमच्या अँपसमोर माइक लागतो, त्यामुळे स्टेजवर आवाज जितका कमी, तितकं साउंडवाल्याचं काम सोपं. कॅफेत कोपऱ्यातली सहा बाय आठ फुटांची जागा आणि दोन पॉवर्ड स्पीकर (ज्यांच्या आतच अँप असतो) मिळतात. अँपला माइक बहुतेक लागत नाही, म्हणून अँपचा आवाजच लोक ऐकतात. मांडवात जनरेटर, लांबलचक वायरी आणि ढोलाचा शेजार असतो. तिथे थेट मिक्सरमध्ये जाणारं सामान जास्त उपयोगी पडतं.

वॅटच्या आकड्याने बिचकू नका आणि भुलूही नका. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. १५ वॅटचा आणि १०० वॅटचा अँप यांत जेमतेम ८ डेसिबलचा फरक आहे. ड्रमसेटबरोबर वाजवायला १५ ते २० वॅटचा ट्यूब अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) किंवा १२ इंची स्पीकरचा ४०-५० वॅटचा सॉलिड स्टेट अँप (ट्रान्झिस्टरवर चालणारा) पुरतो. चार स्पीकरचं कॅबिनेट (नुसत्या स्पीकरचा खोका) ३५ किलोच्या आसपास भरतं आणि रिक्षात बसत नाही. एक स्पीकरवाला कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) १५ ते २० किलोचा असतो, तो मागच्या सीटवर राहतो.

रियाज फ्लॅटमध्ये होणार असेल तर हेडफोनचं भोक असलेलं काहीतरी घ्याच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि गिटारचा अँप ती पहिल्याच कॉर्डला ओलांडतो.

२. गायकाची पट्टी विचारा

मराठी गाणी करणाऱ्या बँडमध्ये ही पायरी गिटारच्या आधी येते. गायिका म्हणते "काळी दोन", आणि गिटारवाला डी शार्पचे बॅरे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचे) धरून दुसऱ्या कडव्यात दमतो. काळी दोन म्हणजे पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या घरात) कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून डीचे आकार, किंवा तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे आकार. दोन गिटार असतील तर एकाने पहिल्यावर आणि दुसऱ्याने तिसऱ्यावर कॅपो लावावा. सूर तेच राहतात, पण मोकळ्या तारा वेगळ्या पडतात आणि आवाज भरून येतो. चांगला कॅपो हे या यादीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वाजणारं सामान आहे.

बरोबर पेटी असेल तर ट्यूनरचा संदर्भ बदलता यायला हवा. सगळ्या पेट्या ४४० हर्ट्झवर नसतात. पेटीवाल्याला पांढरी सहा धरायला सांगा, माइकवर चालणारा ट्यूनर पेटीजवळ न्या आणि ४३८, ४३९, ४४१, ४४२ असे आकडे बदलत काटा मधोमध येईपर्यंत थांबा. एका हर्ट्झचा फरक साधारण ४ सेंट असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). तीन हर्ट्झ चुकले की १२ सेंट, आणि तेवढा बेसूरपणा पहिल्या रांगेतल्या आजोबांनाही कळतो. पेटी लगेच बदलता येत नाही, म्हणून गिटारच पेटीला मिळवायची.

३. दोन गिटार वेगळ्या वाजू द्या

सारख्या दोन गिटार, सारखे पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग), सारखा गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारं बटण) आणि सारखे कॉर्ड ही नव्या बँडची सगळ्यात मोठी चूक आहे. दोघांचेही सूर फ्रिक्वेन्सीच्या एकाच पट्ट्यात पडतात. शब्दांची स्पष्टता साधारण २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये असते आणि डिस्टॉर्शन लावलेल्या, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या गिटारचा कर्कशपणाही तिथेच येऊन बसतो, त्यामुळे गायक कितीही ओरडला तरी वर येत नाही.

एकाकडे सिंगल कॉइल पिकअप आणि दुसऱ्याकडे हमबकर पिकअप अशी वाटणी करा. सिंगल कॉइलचा आवाज मोकळा, टोकदार, तारेच्या जवळचा असतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचा हम मात्र तो पकडतोच. हमबकरमध्ये दोन कॉइल उलट जोडलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून आलेला हम एकमेकांत जिरतो आणि आवाज जाड, मधल्या सुरांनी भरलेला येतो. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने तो १९५५ मध्ये याच कामासाठी बनवला. म्हणून दुकानात गिटारचा आकार बघण्याआधी पिकअप बघा. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) आकाराच्या बॉडीत गिब्सनचा हमबकर बसवला, कारण त्याला त्या पिकअपचा जाडपणा आणि स्ट्रॅटची ट्रेमोलो दांडी (दाबली की सूर हलवणारी) असं दोन्ही हवं होतं.

हातात घेतल्यावर हे तपासा:

- आधी अँपशिवाय वाजवा. तार किती वेळ गुंजते ते ऐका. जी गिटार नुसती मेलेली वाजते, ती अँपमधून जिवंत होत नाही.
- प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट. बाराव्याच्या वर तार ताणून बघा, सूर मध्येच गुदमरत असेल तर फ्रेट उंचसखल आहेत.
- मोकळी तार आणि बारावा फ्रेट ट्यूनरवर. बारावा वर किंवा खाली येत असेल तर इंटोनेशन लावावं लागेल. ते सेटअपमध्ये सुटतं, त्यामुळे त्यावरून गिटार नाकारू नका.
- तारा जोरात ताणा, ट्रेमोलो दाबा, पुन्हा ट्यूनर बघा. दर वेळी सूर हलत असेल तर नट (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) किंवा खुंट्या कमजोर आहेत.
- व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते का ते ऐका.

फेंडर पद्धतीच्या गिटारची स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, गिब्सन पद्धतीची २४.७५ इंच. त्याच जाडीच्या तारा दुसरीवर सैल लागतात. लांब स्केलवर ०९-४२ आणि छोट्या स्केलवर १०-४६ हा संच सुरुवातीला बरा (आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेचे, इंचाच्या हजाराव्या भागात). अर्धा सूर खाली लावणार असाल तर १०-४६च घ्या.

सेटअपचे पैसे गिटारच्या किमतीतच धरा. १०० रुपये खर्चायचे असतील तर सेटअपसकट गिटारला ४५, अँप किंवा प्रोसेसरला (अँप आणि पेडल्स दोन्हींचं काम करणारं एकच डिजिटल यंत्र) ३५, केबल-ट्यूनर-पॉवर सप्लायला १५ आणि उरलेले ५ तारा आणि कॅपोला, अशी वाटणी करा. बहुतेक जण गिटारला ८० घालवतात आणि ती अगदी स्वस्त केबलमधून वाजवतात.

४. हेड आणि कॅबिनेट: कापड बघू नका, ओहम बघा

हेडवर (स्पीकर नसलेला नुसता अँप) आणि कॅबिनेटवर एकाच रंगाचं रेक्झिन असलं म्हणजे जोडी जुळली, असं धरून जुनं सामान घेतलं जातं आणि ट्यूब अँप जळतो. मागची पाटी वाचा. ट्यूब अँपचं ८ ओहमचं भोक ८ ओहमच्या कॅबिनेटला. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली तर ४ ओहम होतात, १६ ची दोन जोडली तर ८. स्पीकर न जोडता ट्यूब अँप कधीही चालू करून वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. सॉलिड स्टेटला कमीत कमी ओहम लिहिलेले असतात, त्याच्या खाली जायचं नाही. वर गेलात तर आवाज थोडा कमी होईल, इतकंच.

हेडपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकरची जाड केबल लागते. गिटारची केबल दिसायला अगदी तशीच असते, पण आतली तार बारीक असल्यामुळे ती तापते.

अमेरिकेतला भाऊ किंवा मावशी येताना अँप आणणार असेल तर पाटीवर १२० व्होल्ट लिहिलं आहे का ते फोटो मागवून आधी बघा. आपल्या २३० व्होल्टला तो थेट लावला की संपला. त्याला अँपच्या वॅटपेक्षा बऱ्याच जास्त क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि मग ते ओझंही दर कार्यक्रमाला न्यावं लागतं. पेडलच्या अडॅप्टरवर १००-२४० लिहिलेलं असेल तर चिंता नाही.

आवाजाचा मोठा भाग स्पीकर ठरवतो. ८ इंची स्पीकरमध्ये खालचे सूर चपटे होतात, १२ इंचीत पोट येतं. मागून उघडं कॅबिनेट आवाज खोलीभर पसरवतं, बंद कॅबिनेट समोर ठोसा देतं.

आता ठेवायची जागा. अँप जमिनीवर आणि तुम्ही त्याला चिकटून उभे असाल तर आवाज तुमच्या पोटऱ्यांना लागतो. वरचे सूर स्पीकरमधून सरळ झोतासारखे जातात. ते तुमच्या कानापर्यंत येत नाहीत, म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि झोत सापडलेली पहिली रांग कान धरते. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा, इतका की स्पीकर तुमच्या कानाकडे बघेल. मग ट्रेबल आपोआप कमी कराल.

माइक लागणार असेल तर एसएम५७ सारखा माइक जाळीपासून २-३ सेंटिमीटरवर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेला रोखा. मध्याकडे सरकवला की आवाज तीक्ष्ण होतो, कडेकडे नेला की मंद. केबलला लटकवून सोडू नका. एसएम५७ टोकाकडून ऐकतो, लटकला की त्याची बाजू स्पीकरकडे येते. टॉर्च लावून मधली टोपी शोधा आणि जाळीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून ठेवा. साउंडवाला दर वेळी नवा असतो, खूण तीच राहते.

५. प्रोसेसर थेट मिक्सरमध्ये

दुचाकीवरून येणाऱ्यांना हाच मार्ग सोयीचा. एक गोष्ट विसरू नका. गिटारच्या स्पीकरमधून साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही निघत नाही, पीएचा स्पीकर मात्र त्याच्या तिप्पट वर जातो. म्हणून थेट मिक्सरमध्ये जाताना कॅबिनेटचं सिम्युलेशन (प्रोसेसरमधली गिटारच्या स्पीकरची नक्कल) चालू हवं, नाहीतर डिस्टॉर्शन माशा घोंघावल्यासारखं येतं. गिटारच्या अँपमध्ये जाताना तेच बंद करा, नाहीतर आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो.

घरी हेडफोनवर बनवलेले आवाज स्टेजवर फसतात. हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून आपण बेस आणि ट्रेबल चढवून ठेवतो आणि मोठ्या आवाजात तेच अंगावर येतं. रिहर्सलच्या खोलीत ड्रम चालू असताना आवाज बनवा. मधले सूर घरच्यापेक्षा जास्त ठेवा, गेन आणि रिव्हर्ब (हॉलमधल्यासारखा घुमारा) घरच्यापेक्षा कमी.

६. पेडल आणि त्यांना लागणारी वीज

बहुतेक पेडल्स ९ व्होल्ट डीसीवर चालतात, पिनचा मध्य ऋण. प्रत्येक पेडलवरची आकृती बघा, जुनी काही फझ पेडल्स उलटी असतात. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. मिलिअँपिअर मात्र सप्लायचे जास्त असले तरी चालतात, कमी नकोत. ओव्हरड्राइव्हला (आवाज फाटवणारं पेडल) १०-२०, ट्यूनरला ३० च्या आसपास, डिजिटल डिलेला (प्रतिध्वनी देणारं) ६० ते १०० आणि मोठ्या रिव्हर्बला ३०० पर्यंत लागतात. वहीत बेरीज करा आणि त्यावर चौथा हिस्सा जास्त धरा.

एकाच अडॅप्टरमधून माळेसारखी वायर काढून डिजिटल आणि ओव्हरड्राइव्ह दोन्ही चालवले की बारीक किणकिण येते आणि गेन वाढवला की तीही वाढते. प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला, म्हणजे आयसोलेटेड सप्लाय घ्या. तीन पेडल्स कमी घेतली तरी चालतील, पण यात काटकसर नको.

क्रम: ट्यूनर, वा, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस वगैरे, डिले, रिव्हर्ब. लांब केबल वरचे सूर खाते. गिटारपासून बोर्डापर्यंत ३ मीटर आणि बोर्डापासून अँपपर्यंत ६ मीटर पुरे. जास्त लागत असेल तर बोर्डावर सुरुवातीला एक बफर (लांब केबलमध्ये सिग्नल टिकवणारं सर्किट) असलेलं पेडल ठेवा.

अकूस्टिक गिटारमध्ये पिएझो पिकअप (दाबातून वीज निर्माण करणारा) असेल तर आत प्रीअँप आणि ९ व्होल्टची बॅटरी असते. कार्यक्रमाच्या दिवशी बॅटरी नवी घाला आणि केबल वाजवतानाच खुपसा, कारण केबल आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. प्रीअँप नसलेल्या पिएझोला मिक्सरमध्ये थेट घातलं की आवाज पत्र्यासारखा येतो, त्याला ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा, विजेवर चालणारा डबा) हवा. मॉनिटरसमोर (तुमच्याकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरसमोर) शिट्टी वाजायला लागली तर गिटारच्या पोटावरच्या भोकाला रबरी झाकण लावा, मग फेजचं बटण दाबून बघा. दोन्ही करून झाल्यावरच इक्वलायझरला हात लावा.

७. डोळे मिटून निवडा

दोन अँप समोर आहेत, एक देखणा आणि एक ओबडधोबड. बरोबर आणलेल्या मित्राला बटणांपाशी उभं करा आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. आधी दोघांचा आवाज सारखा करून घ्या. थोडासा मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो आणि इथेच बहुतेक तुलना फसते. मग एकच आठ मात्रांचा तुकडा पाच-सहा वेळा वाजवा. मित्राने न सांगता अँप बदलत राहायचं आणि तुम्ही दर वेळी फक्त "हा" किंवा "हा नको" म्हणायचं. त्याने वहीत खुणा करायच्या. नंतर मागे वळून बघा. चार खुणा एकीकडे पडल्या असतील तर निर्णय झाला. समसमान पडल्या तर हलका आणि स्वस्त घ्या.

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मागा. जुनं सामान घेताना अँप वीस मिनिटं चालू ठेवून वाजवा, कारण पुष्कळ दोष गरम झाल्यावरच दिसतात. गिटारमधला खरखरणारा पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा भाग) बदलता येतो. हमबकरला ५०० किलोओहम, सिंगल कॉइलला २५० लागतो. नवीन घेताना जुना पॉट काढून सोबत न्या, दांड्याची जाडी जुळली नाही तर बटण बसत नाही.

८. अर्थिंग: इथे घाई नको

मांडवात किंवा हॉलमध्ये पोहोचल्यावर गिटार काढण्याआधी मल्टिमीटर काढा. तो एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर लावा आणि शक्यतो इलेक्ट्रिशियनच्या समोर प्लगपॉइंट तपासा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तितकेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ खूपच कमी आलं तर अर्थिंग नाही. मग सगळं जोडून चालू केल्यावर मीटरचं एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं गाण्याच्या माइकच्या जाळीला लावा. आकडा शून्याजवळ हवा. पंचवीस-पन्नास दिसले तर त्या माइकला ओठ लावायचे नाहीत, इलेक्ट्रिशियनने दुरुस्त करेपर्यंत गाणं थांबवायचं. एका हाताने तार धरलेली आणि ओठ माइकला, अशा वेळी बसलेला झटका छातीतून जातो.

हम जावा म्हणून प्लगची अर्थची पिन कापणं किंवा दोन पिनांचा जोड वापरणं हा जिवाशी खेळ आहे. हम शोधायची पद्धत वेगळी:

- जागेवर गोल फिरलात आणि हम कमी-जास्त झाला, तर तो सिंगल कॉइल पकडतोय. डिमर आणि ट्रान्सफॉर्मरपासून दूर व्हा.
- गिटारचा व्हॉल्यूम शून्य करूनही हम राहिला, तर केबल, पेडल किंवा पॉवर सप्लाय बघा. एकेक काढत जा.
- तारांना हात लावला की हम वाढतो, तर गिटारमधली अर्थची वायर सुटली असण्याची शक्यता आहे.
- अँप आणि मिक्सर दोन्हीकडे जोडल्यावरच हम येतो, तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा.

लाइट ज्या लाइनवर आहेत तिच्यावर अँप लावू नका. साउंडवाल्याच्या लाइनवर जागा मागा, तो बहुतेक देतो.

९. आता दिसण्याचं बघा

कपडे, पट्टे, पिकगार्ड, मागचा पडदा यांनी बँड एकसारखा दिसतो आणि आवाजाला धक्का लागत नाही. अँपच्या जाळीचं कापड बदलायचं असेल तर फुंकर आरपार जाईल असंच घ्या. रेक्झिन किंवा प्लास्टिक लावलं की वरचे सूर आतच राहतात. ट्यूब अँपच्या मागच्या आणि वरच्या झरोक्यांवर काहीही टाकू नका. बोर्डावरची रंगीबेरंगी पेडल्स प्रेक्षकांना दिसत नाहीत, त्यांच्या बटणांवर रेडियमचे ठिपके लावा म्हणजे अंधारात तुमचा पाय चुकणार नाही.

साउंडचेकला गिटारवाल्यांपैकी एकाने पाच मिनिटं गिटार दुसऱ्या कुणाकडे तरी वाजवायला देऊन बाराव्या रांगेत जाऊन बसावं. शब्द कळतात का, दोन्ही गिटार वेगळ्या ऐकू येतात का, एवढंच ऐकावं. नसतील कळत तर आधी दोन्ही गिटारींचा गेन एकेक घर खाली आणावा आणि परत जाऊन बसावं.